वय २७, बीपी १६८/१०४ आणि रात्रीची धडधड

हिंजवडीकर, १२ जून, रात्री १:४०

दोन वर्षं इथे नुसता वाचतोय. आज झोप लागत नाही म्हणून लिहायला बसलो.

वय २७, उंची पाच फूट आठ इंच, वजन ८३ किलो. गाव बार्शीजवळ, सध्या पुण्यात मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो. मे महिन्यात नव्या नोकरीच्या मेडिकलला गेलो होतो. उशीर झाला म्हणून जिना धावत चढलो. पोचताच खुर्चीत बसवलं आणि शर्टाच्या बाहीवरूनच दंडाला पट्टा बांधला. १६८/१०४. तिथल्या ताईंनी लगेच परत घेतलं, १७२/१०६. 'सर, तुम्हाला आधीपासून आहे का?' एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या हातापायांतलं बळ गेलं.

माझे आजोबा अठ्ठावन्नाव्या वर्षी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. नऊ वर्षं आईने त्यांना भरवलं. आकडा दिसला की मला ते ताट आणि तो चमचा दिसतो.

मशीन मागवलं. पहिल्या दिवशी ३१ वेळा बीपी मोजलं. आधी १४८ आलं, घाबरून पुन्हा घेतलं तर १५५, मग १६३. रात्री पडल्यावर छातीत धडधडतं, डाव्या हाताला मुंग्या येतात, घसा कोरडा पडतो, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. रूममेटने दोनदा रात्री हॉस्पिटलात नेलं. दोन्ही वेळा ईसीजी नॉर्मल.

एक डॉक्टर म्हणाले, 'तुला बीपी नाही, टेन्शन आहे,' आणि झोपेची गोळी दिली. दुसऱ्यांनी पाच मिनिटांत बीपीची गोळी लिहिली. ती अजून पाकिटातच आहे. कोणाचं खरं मानू? धास्तीने बीपी वाढतंय की बीपीने धास्ती? या वयात अजून कोणाला आहे का? घरी अजून सांगितलेलं नाही.

—

उंबरठा, १२ जून, सकाळी ६:१५

अरे बाळा, रात्री पावणेदोनला जागा आहेस, हेच आधी वाईट वाटलं. माझ्या धाकट्याला तिसाव्या वर्षी निघालं. आज तो पस्तीसचा आहे, गड चढतो, लेकीला खांद्यावर घेऊन फिरतो. घरी सांग. आईपासून लपवायचं ओझं हे आणखी वेगळंच असतं. जेवण कुठे करतोस, डबा की बाहेर?

—

गावठाण, १२ जून, दुपारी २:३०

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी २२ वर्षं दवाखाना चालवतो. इथे बसून निदान करणार नाही, तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचं काम ते. पण तुमचं वर्णन वाचून राहवलं नाही.

मेडिकलमधल्या आकड्याने एकच गोष्ट सांगितली, की तुमचं बीपी नीट मोजायला हवं. धावत जिना चढून आलेल्या माणसाचं, विसावा न देता, बाहीवरून घेतलेलं माप निदानाला चालत नाही. आणि एकतीस वेळा मोजलेलंही चालत नाही, कारण दुसऱ्या मापापासून तुम्ही बीपी नव्हे, स्वतःची भीती मोजत होतात.

नीट मोजायचं म्हणजे असं. आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, तंबाखू, व्यायाम काही नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून बसायचं, दोन्ही पावलं जमिनीला, मांडीवर मांडी नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं, मोबाइलसुद्धा नको. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिट सोडून दुसरं माप, आणि मग मशीन कपाटात. सकाळी नाश्त्याआधी एकदा आणि रात्री एकदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरच्या सरासरीला १३५/८५.

पट्टा तपासा. दंड भरलेला आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच वर जातो. किती घेराला चालतो ते पट्ट्यावर सेंटिमीटरमध्ये छापलेलं असतं, शिंप्याच्या टेपने दंड मोजून बघा. मनगटावरची मशीनं मी रुग्णांना घेऊ देत नाही.

धास्तीने बीपी चढतं हे खरं, पण ते तेवढ्यापुरतं. ओसरल्यावर उतरतं. दिवसरात्र चढलेलंच राहत असेल तर त्याला 'टेन्शन' म्हणून सोडून देणं चूक आहे. उलट, बीपी आहे म्हणून धास्तीकडे दुर्लक्ष करणंही चूक. दोन्ही खरी असू शकतात. एकाच घरात राहणारे दोन भाडेकरू समजा, भाडं वेगवेगळं.

चाळिशीच्या आत बीपी निघालं तर आम्ही कारण शोधतो. किडनीचा आजार, किडनीच्या धमनीत अरुंदपणा, ॲड्रिनल ग्रंथी, थायरॉइड, झोपेत घोरताना श्वास अडकणं. क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं), पोटॅशियम, लघवीतलं प्रोटीन, साखर, थायरॉइड, ईसीजी, किडनीची सोनोग्राफी ही सुरुवात. शिवाय बीपी चढवणारं काही घेता का ते सांगा: डोकेदुखीला किंवा पाठीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेता का? नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या? जिमला जायच्या आधीची पावडर? एनर्जी ड्रिंक?

आणि हे सगळ्यांसाठी: आकडा १८०/१२०च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, नजर धूसर होणं यांपैकी काहीही असेल तर थांबायचं नाही, १०८ला फोन. त्रास काहीच नाही आणि नुसता आकडा मोठा असेल तर शांत बसून परत मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. घरच्या घरी जिभेखाली गोळी ठेवून बीपी झटक्यात उतरवू नका, त्याने मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.

—

हिंजवडीकर, १२ जून, संध्याकाळी ७:०५

डॉक्टर, खूप आभार. एनर्जी ड्रिंक रात्रपाळीला दोन कॅन. डोकं दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन आठवड्यातून चार दिवस तरी. हे कोणी विचारलंच नव्हतं. घोरतो असं रूममेट म्हणतो.

काकू, दुपारी कँटीन, रात्री बाहेरून मागवतो. गावाहून आलेली शेंगा चटणी मात्र रोज लागतेच.

—

रानजाई, १३ जून, रात्री ९:५०

डॉक्टरांच्या 'टेन्शन म्हणून सोडून देणं चूक' या वाक्यावर लिहायलाच हवं.

मी कोल्हापूरची. चोविसाव्या वर्षी उजव्या हाताचं बीपी १७० यायचं. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, म्हणून जो तो म्हणे, लग्नाचं टेन्शन आहे. मी पण मानलं. योगवर्ग लावला, डायरी लिहिली. दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत दोरीवर कपडे वाळत घालताना माझा डावा हात भरून यायचा, अर्ध्यातच खाली करावा लागायचा. केस विंचरतानाही तसंच. मला ते अशक्तपणाचं वाटलं आणि बीपीशी त्याचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही, म्हणून कोणत्याच डॉक्टरांना सांगितलं नाही.

पुण्यात एका शिकाऊ डॉक्टर मुलीने दोन्ही हातांचं बीपी घेतलं. डावीकडे ११० आणि नाडी जेमतेम लागत होती. ती उठून सरांना बोलवायला गेली. सीटी अँजिओग्राफी झाली. ताकायासू नावाचा आजार, मोठ्या धमन्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात. १९०८ साली जपानमधल्या एका नेत्रतज्ज्ञांनी तो पहिल्यांदा नोंदवला, त्यांचंच नाव. आशियातल्या तरुण बायकांत जास्त दिसतो. माझ्या किडनीची एक धमनीही आवळली होती, फुगा घालून ती रुंद केली. आता औषधांवर चांगली आहे, नोकरी करते.

तुला हे असेल असं अजिबात म्हणत नाही रे भावा, दुर्मिळ आहे. घाबरवायला लिहिलेलं नाही. पण पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं बीपी घ्यायला सांग. एक मिनिट जास्त लागतं. माझ्या बाबतीत ते एक मिनिट कोणी दिलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. तरुण मुलगी छातीत धडधडतं म्हणाली की तिला 'मनाला लावून घेऊ नकोस' सांगून घरी पाठवतात, याचा मला आजही राग येतो.

—

चंद्रभागा, १४ जून, सकाळी ८:२०

इंग्रजी गोळी एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाही, माझ्या दिरांचं बघते आहे. त्यापेक्षा ज्येष्ठमध, अर्जुनसाल आणि दालचिनी यांचा काढा रोज घ्या. मन शांत राहतं, उष्णता कमी होते.

—

गावठाण, १४ जून, दुपारी ३:१०

ताई, तुमची कळकळ कळते, पण ज्येष्ठमध बीपीच्या माणसाने रोज घेऊ नये. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीर मीठपाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घसरतं आणि बीपी चढतं. घसा बसला म्हणून एखादी कांडी चघळणं वेगळं, महिनोन् महिने काढा वेगळा. माझ्याकडे एक आजी अशाच काढ्याने पाय सुजवून आल्या होत्या.

आणि 'गोळी लागते' या शब्दाबद्दल. गोळीची सवय जडत नाही. बीपी टिकून राहतं म्हणून गोळी टिकून राहते. चष्मा लावल्याने नंबर जडत नाही, तसंच. वजन उतरलं, मीठ कमी झालं, झोप सुधारली, तर काहींचा डोस खाली आणता येतो, कधी बंदही करता येतो, पण ते आकडे बघत, डॉक्टरांना विचारून. आपल्या मनाने बंद करून सहा महिन्यांनी २००/११० घेऊन येणारी माणसं मी दर महिन्याला बघतो. खर्चाचं म्हणाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या साध्या गोळ्या मोफत मिळतात.

—

तिसरी घंटा, १५ जून, रात्री ११:३०

ठाण्याहून. वय २९. तुझी रात्र मी एक वर्ष रोज जगलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रात्री जे होतं ते पॅनिक अटॅकचं वर्णन वाटतं. माझं तसं निदान झालं होतं. धडधड, मुंग्या, श्वास पुरत नाही, मरतोय अशी खात्री. साधारण दहा मिनिटांत टोकाला जातं आणि मग ओसरतं. जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यानेच बोटांना, ओठांना मुंग्या येतात. हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली. अर्थात तुझे ईसीजी झालेत म्हणून हे म्हणतो. पहिल्यांदा छातीत दुखलं तर तपासूनच घ्यायचं.

मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी सीबीटी, म्हणजे बोलून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायचा उपचार, करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं पल्स ऑक्सिमीटर काढून घेतलं. माझं व्यसन ते होतं, दिवसात पन्नास वेळा बोटाला. त्या म्हणाल्या, मोजलं की दोन मिनिटं सुटका वाटते ना? त्या दोन मिनिटांसाठी मेंदू पुन्हा मोजायला सांगतो. सुटकाच धास्तीला खाऊ घालते.

मग पुढे त्यांनी मुद्दाम धडधड आणायला लावली. इमारतीचे चार मजले भरभर चढायचे, वर उभं राहायचं, छाती ठोकते आहे ते ऐकत राहायचं, नाडीला हात लावायचा नाही. फिरत्या खुर्चीत एक मिनिट गोल फिरायचं म्हणजे गरगरतं, तेही सोसायचं. पहिल्या दिवशी रडलो. सहाव्या आठवड्यात धडधड म्हणजे नुसती धडधड राहिली. (तू हे बीपीची तपासणी झाल्यावर आणि कोणाच्या तरी देखरेखीखालीच कर.)

मला एस्सिटालोप्राम, ही धास्तीवरची गोळी, पण होती. परिणाम जाणवायला तीन-चार आठवडे गेले, सुरुवातीला दहा दिवस अस्वस्थपणा वाढलाच होता. हे आधी सांगितलं होतं म्हणून टिकलो. मनाच्या काही गोळ्यांनी बीपी थोडं वाढू शकतं, म्हणून तुझं बीपी आहे हे मानसोपचारतज्ज्ञांना नक्की सांग. आणि ती झोपेची गोळी क्लोनाझेपाम जातीची असेल तर रोजची करू नकोस. त्यांची मात्र सवय खरंच जडते. घेत असशील तर एकदम तोडूही नकोस, डॉक्टरांना विचारून उतरव.

मध्यरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतं. मी दोनदा फोन केला आहे.

—

दूरदेशी, १६ जून, पहाटे ३:००

लीड्समधून. माझं दवाखान्यात १५६ आलं तेव्हा इथे लगेच गोळी दिली नाही. दंडाला चोवीस तासांचं मशीन लावून घरी पाठवलं, इथली पद्धतच ती आहे. माझं दिवसाचं सरासरी १२४/७८ निघालं. म्हणजे पांढरा कोट पाहून चढणारं. दरवर्षी तपासायला सांगितलं आहे, कारण अशांना पुढे खरं बीपी व्हायची शक्यता जास्त असते. पुण्यात हे मशीन मिळतं का ते डॉक्टरांना विचार.

—

उंबरठा, १६ जून, सकाळी ६:४०

शेंगा चटणी वाचल्यापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. दिवसाचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लेकाचं कळलं तेव्हा मी महिनाभर मीठ मोजून काढलं. भाजीत फार नव्हतंच! होतं ते पापड, लोणचं, फरसाण, खारी, वडापावची लाल चटणी, पाकिटातल्या नूडल्सचा मसाला यांत. पापडखारही सोडियमच. सैंधव पण मीठच, गुलाबी असलं म्हणून काय झालं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, ते किडनीचा त्रास असणाऱ्यांनी किंवा काही बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे आम्हाला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं.

कणकेत मीठ घालणं मी बंद केलं, कोणाला कळलंसुद्धा नाही. तू तर सोलापूरकडचा, ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतंच. आईला सांग, चटणी कुटताना मीठ निम्मं आणि लसूण दुप्पट कर म्हणावं. तशी पाठवली तर खा.

—

हिंजवडीकर, ९ जुलै, रात्री १०:१५

काकू, आईला सांगितलं. ती पहिल्या एसटीने आली. आजोबांचं ताट मला आठवतं म्हटल्यावर म्हणाली, 'त्यांनी कधी बीपी मोजलंच नव्हतं रे. डोकं दुखलं की बाम लावायचे.' हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की सगळे उपचार करूनही त्यांना झालं.

आता तपासण्या. एका फिजिशियन मॅडमकडे गेलो, त्यांनी अर्धा तास दिला. दोन्ही हातांचं बीपी घेतलं, फरक नव्हता (रानजाई ताई, मी स्वतःहून सांगितलं). रक्त, लघवी, सोनोग्राफी, थायरॉइड ठीक. चोवीस तासांचं मशीन लावलं, दर अर्ध्या तासाने दंड आवळतं, पहिले तीन तास प्रत्येक वेळी दचकत होतो. निकाल: दिवसाचं सरासरी १४४/९२, रात्रीचं १२४/७६. म्हणजे १६८ हे माझं खरं बीपी नव्हतं, आणि मला बीपी नाही हेही खरं नव्हतं. गावठाण डॉक्टर, तुमचे दोन भाडेकरू.

गंमत म्हणजे हा कागद हातात घेतल्यावर मला शांत वाटलं. पक्कं काहीतरी कळलं.

टेल्मिसार्टन ४० ही बीपीची गोळी चालू झाली, सकाळी एक. दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन परत तपासलं, ठीक. आयब्युप्रोफेन आणि एनर्जी ड्रिंक बंद. पहिले चार दिवस डोकं प्रचंड दुखलं, कॅफिन सुटल्याचं, मग गेलं. झोपेच्या तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. सीबीटीची तीन सत्रं झाली. मशीन रूममेटच्या कपाटात, किल्ली त्याच्याकडे. सकाळी सात आणि रात्री नऊ. वहीत आकडा लिहायचा, शेजारी काही लिहायचं नाही, असं मॅडमनी सांगितलंय. गेल्या आठवड्याची सरासरी १३१/८३.

पॅनिक अजून येतो. मागच्या गुरुवारी आला. बाल्कनीत उभा राहिलो, श्वास हळू सोडत राहिलो, बारा मिनिटांत गेला. हॉस्पिटलात गेलो नाही.

एक नवा प्रश्न. घरी स्थळ आलं आहे. आई म्हणते गोळीचं सांगू, मनाच्या डॉक्टरांचं नको. मला दोन्ही सांगायचं आहे.

—

रानजाई, ९ जुलै, रात्री ११:००

दोन्ही सांग. मी सांगितलं होतं. दोन ठिकाणांहून नकार आला, आईने आठवडाभर अबोला धरला. तिसऱ्याने माझी फाइल वाचायला मागितली. आता तोच दर तीन महिन्यांनी माझी रक्ततपासणीची तारीख लक्षात ठेवतो. आणि लग्नानंतर लपवलेली गोळी घेणं म्हणजे रोज सकाळी चोरी. तुला ते झेपणार नाही, तुझी धडधड तिथेच परत येईल.

आणि जिचं स्थळ आहे तिलाही कधी असलं काही असेल तर सांगायला वाट मिळेल. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, हे माझ्या वेळी मला कोणी आपणहून सांगितलं नव्हतं. वाचणाऱ्या मुलींसाठी लिहून ठेवते: मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या.

—

चंद्रभागा, १० जुलै, सकाळी ७:३०

ज्येष्ठमधाचं मला माहीत नव्हतं. दीर रोज घेत होते, काल बंद करायला लावलं. उद्या त्यांना दवाखान्यात नेते आहे.

—

हिंजवडीकर, ४ ऑगस्ट, रात्री ९:२०

भेटलो. सोलापुरात, तिच्या मावशीच्या घरी. दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच सगळं सांगितलं, गोळी, सीबीटी, दोनदा रात्री हॉस्पिटल गाठलं तेही. ती थोडा वेळ गप्प होती. मग विचारलं, 'गोळी जेवणाआधी घेता की नंतर?' मी म्हटलं कशीही चालते, मी नाश्त्याबरोबर घेतो. तिच्या वडिलांना पण आहे म्हणाली, ते विसरतात, ती पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवते.

अजून काही ठरलेलं नाही. पुढच्या रविवारी परत भेटणार आहोत.

वजन ७९. घोरण्याची तपासणी झाली, श्वास थोडा अडकतो, कुशीवर झोपायला आणि वजन अजून उतरवायला सांगितलं आहे.

—

गावठाण, ५ ऑगस्ट, दुपारी १:४५

उत्तम. १३०च्या आसपास राहत असेल तर गोळी आहे तशीच चालू ठेवा, आता बरं वाटतंय म्हणून सोडू नका. घरी वडिलांचं बीपी कधी मोजलं होतं? आजोबांना बहुधा होतं आणि तुम्हाला आहे, मग मधल्या माणसाचं कोणीतरी बघायला हवं. पुढच्या वेळी गावी जाताना मशीन घेऊन जा.